गोल झाल्यावर शर्ट काढला म्हणून

६ फेब्रुवारी १९८७, शुक्रवार

आज भोंगा वाजलाच नाही. साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायला आल्यापासून भोंग्यावर उठायची सवय. आज अव्वानं, माझ्या आईनं, हलवून उठवलं. ऊसच नाही तर गाळप कशाचं करणार? यंदाचा हंगाम अर्ध्यातच आटोपला. ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन परत गेल्या आणि त्यांच्याबरोबर माझ्या बालवाडीतली निम्मी पोरंही गेली.

दुपारी शिपाई निरोप घेऊन आला, संचालक आबारावांनी बोलावलंय. मला वाटलं, झालं, बालवाडी बंद. गेले तर वेगळंच. आबारावांचे थोरले बंधू व्यंकटराव, कारखाना उभारण्यात पुढं होते ते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावानं फुटबॉलचे सामने भरवायचं ठरलंय आणि कमिटीत एक महिला पाहिजे.

"शरणम्माबाई, तुमचं नाव घातलंय."

"पण मला काम काय?"

"बायका बसतेत तिकडं लक्ष ठिवायचं. बाकी काय न्हाय."

फुटबॉल मी जन्मात बघितलेला नाही. उमरग्याला आमच्या शाळेत मुलींना फक्त लेझीम होती. अव्वा म्हणते, प्यायचं पाणी टँकरनं येतंय आणि ह्यांना चेंडू सुचतोय. तिचं खोटं नाही. तरी मला बघावंसं वाटतंय हेही खरं.

९ फेब्रुवारी

पांडबा मिस्त्रींना घरी बोलावून खेळ समजावून घेतला. ते कोल्हापूरचे. कारखान्यात फिटर आहेत. हे फुटबॉलचं खूळ त्यांनीच इथं आणलं.

मी विचारलं, "हात का लावायचा नाही?"

"हातानं खेळायचं तर देवानं पाय कशाला दिलेत, बाई?"

मग त्यांनी ताटात शेंगदाणे मांडून ऑफसाईड सांगितलं. मला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा कळलं नाही. शेवटी अव्वानं ताट उचलून नेलं, तिला चटणी वाटायची होती.

जाताना ते एक सांगून गेले. हंगामी कामगारांना घरी पाठवलंय, पण खेळणाऱ्या पोरांना यार्डाच्या साफसफाईवर ठेवून घेतलंय. चांगलं खेळतील त्यांना कायम करू, असा आबारावांचा शब्द आहे. "म्हणून जीव तोडून पळत्यात. नाहीतर गावाकडं जाऊन खडीच फोडायची न्हवं?"

म्हणजे हा नुसता खेळ नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

सराव बघून आले. एरवी जिथं उसाच्या बैलगाड्या उभ्या राहतात त्या गाडीतळावर मैदान केलंय. जमीन अशी टणक की चेंडू आपटला की डोक्यावरून जातो. मारायला पाणी नाही म्हणून चुन्याच्या रेघा वाऱ्यानं रोज पुसतात आणि रोज नव्यानं आखाव्या लागतात.

मच्छिंद्र नावाचा एक जण आहे. कळंबच्या बाजूला गाव आहे त्याचं, बौद्धवाड्यातला. हंगामात उसाच्या मोळ्या कारखान्याच्या गव्हाणीत टाकायच्या कामावर असतो. तो पळतो तेव्हा बाकीचे चालताहेत असं वाटतं. चेंडू पायाला चिकटल्यासारखा. वळताना आधी डावा खांदा वळतो, मग पाय. हे कुणी शिकवलं, असं मी पांडबांना विचारलं. "कुणी न्हाई. बैल हाकतानाचं वळण हाय ते," म्हणाले.

नियम कळावेत म्हणून रोज तासभर जायचं ठरवलंय. कमिटीवर असल्यावर नीट माहिती हवी.

१८ फेब्रुवारी

शर्ट आले. सोलापुरात शिवून घेतलेत. पिवळे, कॉलरचे. छातीवर 'कै. व्यंकटराव स्मृती' अशी लाल अक्षरं. आबारावांनी एकेकाला हातानं दिले. डोळे भरले होते त्यांचे. मच्छिंद्रचा शर्ट खांद्यात आखूड झालाय, पण तो बोलला नाही. मी पांडबांच्या कानावर घातलं. "तुमच्या बरं ध्यानात आलं," म्हणाले. न यायला काय झालं? समोरच तर उभा होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज उपांत्य सामना झाला. काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण संध्याकाळपर्यंत वसाहतीत त्याच्या चार गोष्टी झाल्या होत्या.

सामना सोलापूरच्या संघाशी. बायकांना दक्षिणेच्या बाजूला खुर्च्या आणि बाकं टाकली होती. बरोबरी होती, संपत आलं होतं. मच्छिंद्रनं चेंडू मधूनच काढला, दोघांना चुकवलं आणि लांबूनच मारला. गोल! मी उभी राहिले होते. कधी राहिले कुणास ठाऊक.

मग त्यानं शर्ट डोक्यावरून ओढून काढला, हातात गरगर फिरवला आणि आमच्याच बाजूला पळत आला. उघडा. घामानं सगळं अंग चमकत होतं. उजव्या खांद्याखाली जुना व्रण आहे, बोटभर. शर्ट हातातून सुटून धुळीत पडला. त्याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. दोन्ही हात पसरून तोंड वर करून तो नुसता उभा राहिला.

प्रेक्षकांतली पोरंटोरं पेटली. त्यांनीही आपापले सदरे काढले आणि फिरवत बायकांच्या बाकांमधून घुसली. शेजारच्या सुमनबाईंची सून, नवीनच आलेली मल्लम्मा, ढकलाढकलीत बाकावरून पडली. मनगट मोडलं. तिला जीपनं दवाखान्यात नेलं. बायकांकडं लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मी कुठं बघत होते?

सोलापूरच्या पंचांनी मच्छिंद्रला काही केलं नाही. शर्ट घाल एवढंच सांगितलं.

२३ फेब्रुवारी

आबाराव भडकलेत. मच्छिंद्रला सामन्यांतून काढायचं, कारखान्याचं गेट बंद करायचं, आणि बायकांसमोर उघडं झाल्याबद्दल सगळ्या बायकांच्या पाया पडायला लावायचं. शुक्रवारी बैठक आहे. मला म्हणाले, "बाई, तुमीच सांगायचं बैठकीत, बायकांना काय वाटलं ते."

मला सांगायचं तर आधी विचारायला हवं. आतापर्यंत कुणीच कुणाला विचारलेलं दिसत नाही.

२४ फेब्रुवारी

टँकरच्या रांगेत उभं राहून विचारलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका जितकं खरं बोलतात तितकं दुसरीकडं कुठं बोलत नसतील.

एक म्हणाली, "उघडा? आमचा म्हातारा चैत-वैशाखात उघडाच असतुय की. त्येला कोण शिक्षा देतंय?" सगळ्या हसल्या.

दुसरी म्हणाली, "जत्रंत पैलवान लंगोटावर असत्यात, तवा आमी कडेवर पोरं घिऊन बघताव. तवा न्हाय लाज, आन् आता कुठनं आली?"

हे मलाही कोडंच आहे. तेच अंग, त्याच माणसांसमोर. आखाड्यात ताकद म्हणायची आणि गाडीतळावर बेशरमी. कुस्तीत उघडं असणं ठरलेलं असतं, म्हणून चालतं का? न ठरवता झालं म्हणून खुपलं का?

मथुराबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "अंग गेलं खड्ड्यात. नवा कोरा शर्ट धुळीत टाकला त्यानं! धुवायला पाणी कुठाय? मी दोन दिस भांडी राखंनं घासतेय."

पण सुमनबाई हसल्या नाहीत. "बाई, तुमाला गंमत वाटतीय. माझी सून नव्या नवरीची हात गळ्यात बांधून बसलीय. तो उघडा झाला त्याचं मला काय न्हाय. पण तो हिकडंच का पळाला? त्याच्यामागं समदी घुसली."

२५ फेब्रुवारी

पंच अजून विश्रामगृहावरच आहेत, अंतिम सामनाही तेच घेणार. त्यांना जाऊन विचारलं, पुस्तकात काय आहे? ते म्हणाले, शर्ट काढू नये असा शब्द कुठं नाही. असभ्य वागलं तर ताकीद द्यावी असं आहे, आणि असभ्य कशाला म्हणायचं ते पंचानं बघायचं.

"मग तुम्हाला काय दिसलं?"

"मला माणूस खूश झालेला दिसला," ते म्हणाले. "तुम्हाला काय दिसलं?"

मी म्हटलं, मी लांब होते.

संध्याकाळी यार्डात मच्छिंद्र झाडत होता. तिथं गेले. पांडबाही होते. कमिटीच्या कामासाठीच विचारते आहे, असं आधी स्पष्ट सांगितलं.

"शर्ट का काढला?"

तो झाडू धरून उभा राहिला. मग बोलला, "बाई, त्या घडीला अंगावर काईच नगं वाटलं. नाव नगं, लंबर नगं, कुणी दिलेलं काय बी नगं. नुसता वारा पायजे वाटला. तेवढंच. व्यंकटरावांचा अपमान करायचा न्हवता. त्यांनीच मला कामावर घेतलं हुतं."

"आणि बायकांच्याच बाजूला का पळालास?"

तो खाली बघायला लागला. पांडबा उगाच खोकले. मग तो म्हणाला, "तिकडं तुमी उभ्या राहिल्याल्या दिसल्या. बाकी समदे बसलेले हुते."

माणूस उभ्या माणसाकडं पळतो, हे बरोबरच आहे. मी टिपून घेतलं. पण हे बैठकीत सांगण्यासारखं नाही असं वाटतं.

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

उपवास. देवळात जाऊन आले. गाभाऱ्यात पूजा करणारे स्वामी उघड्या अंगानं बसले होते. मी नेमकी तेच बघत राहिले आणि नमस्कार करायची विसरले. अव्वानं कोपर मारलं. घरी आल्यावर विचारलं, "याकव्वा, का गं, काय चाललंय तुझं? सारखं त्या मैदानाचंच." मी म्हटलं, उद्या बैठक आहे. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून मी परत आले त्या दिवशी बघितलं होतं तसं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक झाली. आबाराव मधल्या खुर्चीत, दोन संचालक, पांडबा आणि मी. मच्छिंद्रला दाराबाहेर उभं केलं होतं.

आबाराव म्हणाले, "माझ्या भावाचं नाव छातीवर दिलं. ते मातीत टाकलं. ह्या लोकांना अंगावर घालायला दिलं की असं हुतं."

दोन्ही संचालकांनी समोरचे कागद चाळायला घेतले. 'ह्या लोकांना' म्हणजे कुणाला ते सगळ्यांना कळलं होतं. दार उघडंच होतं. पांडबांची मान खाली. मला वाटलं, आपणही गप्प बसलो तर हे वाक्य आपलंही होईल.

मी म्हटलं, "साहेब, गोल गुरुलिंगनं केला असता आणि शर्ट त्यानं काढला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

गुरुलिंग त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा, त्याच संघात आहे. आबारावांनी माझ्याकडं बघितलं आणि पाण्याचा पेला उचलून परत ठेवला.

"ते ऱ्हाऊ द्या. बायकांचा अपमान झाला का न्हाय, तेवढं सांगा."

मी रांगेत ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं, पैलवानांचं सांगितलं, मथुराबाईंच्या राखेचंही. एक संचालक तोंडावर उपरणं घेऊन हसले. मग मी म्हटलं, "अंगाचा अपमान कुणाला वाटला नाही. पाया पडायचं कारण नाही, गेट बंद करायचं तर नाहीच. पण मल्लम्माचं मनगट मोडलंय. खेळणारा जिकडं पळतो तिकडं गर्दी पळते, हे त्याच्या ध्यानात राहायला पाहिजे. एक सामना बाहेर बसू दे."

हे मीच बोलले. एक सामना म्हणजे अंतिम सामना. पांडबांनी झटकन वर बघितलं.

आबाराव आवाज उतरवून म्हणाले, "दादा असते तर हसले असते. चला, बाईंचं धरा."

बाहेर आले तर मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी न थांबता घरी आले.

जे सांगितलं ते मला पटलेलंच होतं. पण काहीच शिक्षा नको म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते, हा विचार आला होता का? आला होता. लोक माझ्याबद्दल काही का म्हणतील, ते मात्र कळत नाही.

१ मार्च, रविवार

बार्शीच्या संघाशी अंतिम सामना. मच्छिंद्र मैदानाच्या कोपऱ्यावर जमिनीवर बसला होता. शर्ट धुतलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. इतक्या उन्हात.

बायकांच्या भोवती दोर बांधून घेतला होता मी. सुमनबाई आल्या, मल्लम्माही गळ्यात हात बांधून आली.

आधी बार्शीनं गोल केला. मग गुरुलिंगनं फेडला. उडी मारून तो ओरडत सुटला आणि त्याचे दोन्ही हात शर्टाच्या काठाशी गेले. शर्ट पोटावरून वर सरकला. तेवढ्यात त्याची नजर आमच्या खुर्च्यांकडं वळली, आबारावांकडं गेली, आणि हात थांबले. शर्ट खाली ओढून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सत्काराला वाजवतात तशा. पोरं जागची हलली नाहीत. कुणाला धक्का लागला नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. मल्लम्मा हसत होती, तेवढं बरं वाटलं. पण ते हात काठाशी जाऊन थांबले ना, ते मी थांबवले होते. एवढा मोठा आनंद आणि त्याला आता आधी इकडं तिकडं बघावं लागतंय.

शेवटी बार्शीनंच सामना जिंकला. मच्छिंद्र असता तर? वसाहतीत सगळे हेच बोलताहेत. माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही.

४ मार्च

साफसफाईही संपली. सगळ्या हंगामी पोरांना घरी पाठवलं. कायम करायचं पुढच्या हंगामात बघू म्हणे. म्हणजे गेट उघडं ठेवून मी त्याला दिलं काय? पांडबांनी मच्छिंद्रसाठी कोल्हापुरात बघितलंय. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम आणि त्यांच्या पेठेच्या संघात खेळायचं.

दुपारी तो बालवाडीच्या दारात आला. हातात पिशवी. बालवाडीची मदतनीस चांगुणा पोरांना सुकडी वाढत होती.

"येतो बाई."

"रागावलास का?"

"न्हाय. म्या मल्लम्माकडं जाऊन आलो. सुमनबाईंनी च्या दिला. घरातल्या कपबशीत." तो हसला. का हसला ते मला कळलं, सुमनबाईंचं घर मला माहीत आहे.

"शिक्षा बरोबर होती का रे? खरं सांग."

"बरोबर हुती. त्या पोरीचा हात बघितल्यावर तर लईच."

"मग पुन्हा गोल झाला तर?"

"पुन्यांदा काढीन," तो म्हणाला. "पण पळायचं कुठं ते बघून पळीन. बाहेर बसवलं तर बसीन."

मला आणखी काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, कोल्हापुरात नदीला पाणी भरपूर आहे, शर्ट धुवायची अडचण पडणार नाही. तो 'व्हय' म्हणाला. जरा उभा राहिला. मग कळंबची एसटी आली. आधी गावी जाऊन मग कोल्हापूर.

रात्री भाकरी ताटात तशीच राहिली. अव्वाला सांगितलं, शिवरात्रीपासून पोट बरोबर नाही. तिनं ओवा दिला.

९ मार्च

बालवाडीत आता थोडीच पोरं उरलीत. पाटी घेऊन बसायचा कंटाळा आला त्यांना, आणि मलाही. कपाटात पांडबांनी दिलेला एक जुना चेंडू होता. चांगुणेला म्हटलं, चला गाडीतळावर.

मैदानावर रेघा राहिल्या नाहीत, बांबूचे दोन खांब तेवढे उभे आहेत. पोरं एका बाजूला, मी एका बाजूला. पहिल्यांदा चेंडू मारला तर चप्पल लांब गेली आणि चेंडू जागेवर. पोरं लोळून हसली. मग चपला काढूनच खेळले. निऱ्या जरा वर खोचल्या. एकदा चेंडू टप्पा खाऊन नेमका पायापुढं आला, मी जोरात मारला आणि तो सरळ दोन्ही खांबांच्या मधून गेला.

"बाईंचा गोऽऽल!"

मी पळत होते. कुठं ते ठाऊक नाही, नुसती पळत होते. पोरं मागं ओरडत येत होती आणि मानेला वारा लागत होता. पाण्याच्या टाकीजवळ पोचले तेव्हा श्वास लागला म्हणून थांबले.

चांगुणा धापा टाकत मागून आली. माझा पदर खांद्यावरून सुटून धुळीत लोळत होता. तिनं आधी चारी बाजूला बघितलं, मग माझ्याकडं.

"पदर घ्या की, बाई."

मी घेतला. जरा उशिरानं.